खेळाची डबी पुन्हा बंद पडली

धाड, ता. जि. बुलढाणा
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. प्रसेनजित यास,
ताईचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझं ऑफिस, तब्येत, मेसचं जेवण सगळं बरं असेल असं धरून चालते. थंडी चांगलीच पडली आहे. मी दिवसभर पोस्टात बसून गावाचं टपाल हाताळते, पण तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा हसू नकोस. फोनवर हे बोलता येत नाही. बाबा शेजारी येऊन बसतात आणि "स्पीकर लाव" म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅप तर माझ्या आधी तेच उघडतात.

विषय तू पाठवलेल्या खेळाच्या डबीचा. पत्त्यांच्या कॅटाएवढ्या त्या कॉम्प्युटरात आपल्या लहानपणीचे सगळे खेळ भरून तू पाठवलेस, बाबांना विरंगुळा म्हणून. आणि गेल्या आठवड्यापर्यंत डबी सलग दोन दिवस धड चालली असेल तर शपथ. तुला वाटत असेल, आपलंच काहीतरी चुकलं. तुझं काही चुकलेलं नाही.

पहिला फोन आठवतो? तू विचारलंस, "बाबा, लाईट लागला का?"

"लाईट हाये ना बे, सकाळपासून गेलीच नाही."

"तसा नाही हो, डबीवरचा. हिरवा."

"हिरवी लाईट कुठून आनू मी?"

सगळी नोकरी लाइनमन म्हणून केलेला माणूस. त्यांच्या लेखी लाईट म्हणजे तारेतून येते ती. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होता. मला फार बरं वाटलं. आई गेल्यावर तू पुण्याला चला म्हणून हट्ट धरलास, ते नाही म्हणाले, आणि तेव्हापासून तुमचं बोलणं "जेवलास का", "हो, तुम्ही?" याच्या पुढे सरकत नव्हतं.

मग टीव्हीच्या कोपऱ्यात ती पिवळी विजेची खूण यायला लागली. ती कमी दाबाची खूण आहे हे तू नंतर सांगितलंस. तोवर बाबांनी आपलं शास्त्र चालवलं. खांबावरच्या धोक्याच्या पाटीवर असते तशीच ती खूण, आणि ती दिसली की आधी सप्लाय बंद, मग बाकीचं. खेळ चालू असताना वीज तोडली की आतलं मेमरी कार्ड खराब होतं हे कळेपर्यंत तुझी दोन कार्डं वाया गेली होती. बाबांनी तर ते नखाएवढं कार्ड बाहेर काढून फुंकरही मारून पाहिली, जुन्या कॅसेटला मारायचे तशी.

दाब कमी का, ते मला गेल्या आठवड्यात सापडलं. तू सोबत पाठवलेला जाड अ‍ॅडाप्टर कपाटात निघाला, आईच्या साड्यांखाली, प्लास्टिकसकट! "चांगला हाये, कायले खराब करतं?" म्हणून तो जपून ठेवला आणि डबीला माझ्या जुन्या मोबाइलचा चार्जर लावला. आता या माणसाला काय म्हणावं? मी अ‍ॅडाप्टर बदलला. तू शिकवलंस तसं लॅपटॉपवरून कार्डही नवीन भरलं. पिवळी खूण गेली ती गेलीच. बाबा दुपारभर रणगाडे उडवत बसले, एकटेच खो खो हसत. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

तुला मी हे कळवलं नाही. त्यांनीही नाही.

काल पोस्टातून जेवायला घरी आले. दार उघडंच होतं. खेळ चालू होता, पडद्यावर कसलीही खूण नव्हती. बाबा उठले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. डबी सुरू व्हायची थांबेपर्यंत तेच करत राहिले. मग चष्मा पुसला, खुर्चीत नीट बसले आणि फोन हातात घेतला.

मी म्हटलं, "बाबा, असं केलं की बिघडते, हे प्रसेनजितनं सांगितलं नव्हतं का?"

"सांगतलं म्हनून त मले मालूम झालं."

"चांगली चालून राह्यली होती ना, मग काऊन बिघडवली?"

ते फोनकडेच बघत होते. "चालली त तो फोन कायले करीन?"

 मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझा राग आला, त्यांचा आला, माझाही आला. मी रोज त्यांच्या समोर असते, तरी त्यांना काय पाहिजे हे मला दिसलं नाही. काल तुला "पुन्हा बंद पडली" म्हणून आला तो फोन हाच. तू कुठेतरी बाहेर निघाला होतास, तरी थांबून बोललास. आतून मी ऐकत होते. डबीचं बोलणं संपल्यावर त्यांनी तुला विचारलं, पुण्यात थंडी किती आहे. आणि तू सांगितलंस, अगदी सविस्तर. देव तुझं भलं करो, असं मी म्हणाले असते, पण आपल्या घरात तशी रीत नाही.

कार्ड मला भरता येतं. फार वेळही लागत नाही. पण आज सकाळी बाबांनी डबी माझ्यापुढे आणून ठेवली तेव्हा मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, "हे आता माझ्यानं होत नाही. प्रसेनजितलाच यावं लागेल."

लगेच म्हणाले, "येऊ दे सवडीनं. घाई काय हाये?"

आणि उठून तुझी गादी एकट्यानं जिन्यावरून गच्चीवर नेली. हे पत्र लिहितेय तोवर दोनदा वर जाऊन तिची बाजू बदलून आले आहेत.

आलास की त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. डबी घेऊन त्यांच्याजवळ बस, आणि दुरुस्त करायला जितका वेळ लावता येईल तितका लाव.

तुझी,
दीपमालाताई