आजीनं कधीच न गायलेलं गाणं

बॅलिकारा, जि. स्लायगो
१४ नोव्हेंबर

प्रिय अट्रॅक्टाताईस,

धाकट्या मॅलकीचा गुडघे टेकून नमस्कार. (टेकतात अजून, उठताना मात्र बर्नीला हाक मारावी लागते.) तुझी कंबर कशी आहे? कव्हेंट्रीचे डॉक्टर अजून चालायलाच सांगतात, की आता जरा बसू देतात? इकडे सगळं ठीक, म्हणजे पाऊस चालू आहे आणि या महिन्यात अजून कोणी गेलेलं नाही. आईबाबांच्या थडग्यावर दोन तारखेला फुलं ठेवली. तुझ्या नावाचीही ठेवली, त्यामुळे तिकडे कोणी विचारलं तर तू ठेवलीस असं सांगायला हरकत नाही.

मागच्या नाताळच्या कार्डावर तू एका ओळीत विचारलं होतंस, अजून त्या गाण्यांच्या स्पर्धांना पैसे भरतोस का रे? अकरा महिने उत्तर दिलं नाही, कारण उत्तर 'हो' असं होतं. आता दमलोय, तेव्हा सविस्तर लिहितो.

ताई, नऊ वर्षं मी सुवर्णवीणा गीतलेखन स्पर्धेत भाग घेतोय. प्रवेश फी पस्तीस युरो. परीक्षकांचा अभिप्राय हवा असेल तर आणखी वीस. पहिल्या वर्षी अभिप्राय आला : 'गाण्याला हृदय आहे, पण ध्रुवपद लवकर यायला हवं.' मी आठवडाभर हवेत होतो. मी काम करतो त्या पशुखाद्याच्या भांडारात गिऱ्हाईक कोंबड्यांचं खाद्य मागायचं आणि मी मेंढ्यांचं द्यायचो. दुसऱ्या वर्षी ध्रुवपद अगदी सुरुवातीला घेतलं. अभिप्राय आला : 'गाण्याला हृदय आहे, पण ध्रुवपद लवकर यायला हवं.' तिसऱ्या वर्षी मी ध्रुवपदाशिवाय काही लिहिलंच नाही. काय आलं असेल ते तू ओळखलंच असशील. वर 'प्रिय मेलिसा' अशी सुरुवात.

चौथ्या वर्षी मी उपांत्य फेरीत गेलो. प्रमाणपत्र आलं (चौकट हवी असल्यास वेगळे पैसे). ते मी स्वयंपाकघरात लावलं आणि शेजारच्या पॅकी डर्कनला मुद्दाम चहाला बोलावलं. त्यानं चहा संपवला, दोन बिस्किटं खाल्ली आणि म्हणाला, "अरे, हे माझ्याकडे पण आलंय की! त्या गाढवावरच्या गाण्याला." मग कळलं की जो पैसे भरतो तो उपांत्य फेरीत जातोच. ते प्रमाणपत्र बर्नीनं कोंबड्यांच्या खुराड्याला जिथून वारा यायचा तिथं ठोकलं. कोंबड्यांना त्याचा खरोखर उपयोग झाला. बर्नी म्हणते, "नऊ वर्षांत तुझ्या गाण्यानं कुणाचं भलं केलं असेल तर त्यांचंच."

मग का भरत राहिलास, असं तू विचारशील. खरं सांगतो. मला बक्षीस नको होतं. एकदा, फक्त एकदा, गाण्याखाली माझं नाव छापलेलं पाहायचं होतं. तुला माहीतच आहे आपल्याकडची रीत. गावात कोणी 'हे गाणं माझं' म्हणालं, की मागून आवाज येतोच, "हो का! शहाणाच लागून गेलास!" म्हणून म्हटलं, जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही तिथं तरी नाव लागू दे.

या वर्षी नवीन काही सुचेना, तेव्हा थकून तुझ्या बसचं गाणं पाठवलं. छत्तीस वर्षांपूर्वी तू इंग्लंडला गेलीस त्या आठवड्यात मी केलं होतं आणि कागदावर लिहून तुला पाठवलं होतं, तेच. (तू बसमध्ये चढलीस आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाहीस त्याबद्दल. हे मी उगाळत नाहीये, नुसता संदर्भ देतोय.) आणि ताई, ते अंतिम फेरीत गेलं! खऱ्या अंतिम फेरीत, बारा गाण्यांत, पॅकी त्यात नाही. गॉलवेच्या समारंभाचं तिकीट अंतिम फेरीतल्या गीतकारांनी आपलं आपणच विकत घ्यायचं होतं, ते घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच बर्नीनं माझ्या कोटाला इस्त्री केली, यावरून काय ते समज.

गॉलवेला पोहोचलो तर दारातच एका बाईंनी हातात कागद ठेवला. 'आपले गीत पारंपरिक असल्याचे आढळल्याने बाद करण्यात येत आहे.' पुरावा म्हणून डब्लिनच्या एका लोकगीतांच्या संग्रहातल्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. गायक : मॅलकी टॅन्सी, वय २९. गाणं कुठून मिळालं : गायकाच्या आजीकडून. रचनाकार : अज्ञात.

ताई, तो अज्ञात मी आहे.

झालं होतं असं. सत्तावीस वर्षांपूर्वी कोनेलीच्या पबमध्ये गाणी चालली होती. पॅकीच्या बापानं गाऊन झाल्यावर मानाची हाक मला दिली, म्हणजे पुढचं गाणं माझं. त्या हाकेला नाही म्हणणं म्हणजे लग्नात वधूला नाही म्हणण्यासारखंच. मला पूर्ण येत होतं ते एकच गाणं. आणि गायच्या आधी, माझं आहे म्हणायची लाज वाटली म्हणून, मी म्हणालो, "जुनं आहे, आजीकडचं." तसं सगळेच म्हणतात! कोपऱ्यात यंत्र घेऊन बसलेला चष्मेवाला माणूस डब्लिनचा संग्राहक आहे हे मला कोणी सांगायला नको? आणि आजी म्हणजे आपली आजी! जिला फादर फ्लॅटली चर्चमध्ये हात जोडून म्हणाले होते, की आजीबाई, तुम्ही नुसते ओठ हलवा, देवाला पोहोचतं.

त्या बाईंना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात, की आता बोलताय?" मी कागदाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली.

मग शेजारच्या पबमध्ये जाऊन सूप मागवलं. इस्त्रीचा कोट घालून एकटाच बसलो होतो आणि मला फार वाईट वाटत होतं. तिथं दुपारची गाणी चालली होती. पंचविशीतली एक मुलगी उठली, नीव नावाची, बोलण्यावरून तिकडचीच, इंग्लंडमध्ये वाढलेली. म्हणाली, "हे खूप जुनं गाणं आहे. कव्हेंट्रीत माझ्या आईबरोबर एक नर्स होती, तिच्याकडून मिळालं. तिला तिच्या आजीकडून." आणि तिनं माझं गाणं सुरू केलं. पहिल्या कडव्याला ग्लास वाजायचे थांबले. दुसऱ्याला एका म्हाताऱ्यानं तिचा हात हातात घेतला. तिसऱ्याबद्दल पुढं लिहितो. संपल्यावर ती थेट माझ्याकडे वळली, "काका, मानाची हाक तुम्हाला!" मला तेव्हाही तेच एक पूर्ण येत होतं. मी म्हणालो, "घसा बसलाय गं." आपल्या घराण्यात हाकेला नकार देणारा मी पहिलाच.

ती नर्स कोण, हे मी तुला सांगायला नको. खोटं बोलण्यात आपण सख्खी भावंडं शोभतो.

तर पैसे भरायच्या स्पर्धांबद्दल माझं मत : वाया. त्या पैशांत एक मेंढी आली असती आणि तिनं 'प्रिय मेलिसा' म्हटलं नसतं. मी सोडलं. कायमचं.

कंबरेला जप. बर्नीचा नमस्कार.

तुझा,
मॅलकी

ता. क. या निकालाविरुद्ध तीस तारखेपर्यंत दाद मागता येते (फी वेगळी). वकिलासमोर दोन ओळी लिहून दे : आजीला गाता येत नव्हतं, आणि हे गाणं मॅलकीनं केलं. याची साक्ष देणारी जिवंत व्यक्ती तू एकटीच. नमुना सोबत जोडला आहे. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. २. बर्नी पाठीमागून वाचतेय आणि म्हणतेय, पुढच्या वर्षीची फी ऑक्टोबरातच भरलीस तेही लिही. लिहिलं. लवकर भरली तर पाच युरो सूट होती.

ता. क. ३. तिसरं कडवं. माझं असं होतं : 'बस वळली पुलापाशी, मान तिची वळली नाही.' त्या मुलीनं म्हटलं ते असं :

मान वळली पुलापाशी, काच पुसली बाहीनं,
आतली वाफ पुसली तरी बाहेर पाऊस राहीना.

हे माझं नाही. माझ्यापेक्षा चांगलं आहे. छत्तीस वर्षं तू हे अनोळखी लोकांना म्हणून दाखवलंस आणि मला एका कार्डावर लिहिलं नाहीस. वकिलाकडे जाऊ नकोस, ती साक्ष आता खोटी ठरेल. दाद मागायचा अर्जही सोबत ठेवतोय, त्यावर रचनाकारांसाठी दोन ओळी आहेत. दुसरीवर सही कर, पूर्ण नावानं. नाही केलीस तर मी दाद मागत नाही, राहू दे अज्ञात, दोघंही.

पण एवढं कळव. खरंच पुसली होतीस काच?