वाकडी शिलाई

१४ मार्च

चि. छबीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तुझ्या तब्येतीचंही तसंच कळव. पत्र कशासाठी लिहितोय ते पुढे येईलच, आधी बाकीचं सांगून घेतो.

माझं शिलाई मशीन बिघडलं होतं. गेलं वर्षभर त्याने जीव नकोसा केला. चांगली सरळ शिलाई चालू असायची आणि मध्येच कापड तिरकं जायचं, बोटभर भरकटून पुन्हा रेषेवर यायचं. सुया बदलल्या, पट्टा बदलला, दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावलं. त्याने माझ्यासमोर हातभर सरळ शिलाई मारून दाखवली आणि म्हणाला, यात काही दोष नाही. मी त्याला म्हटलं, तू आलास की ते शहाण्यासारखं वागतं. बँकेतल्या साहेबांची अख्खी पँट मला उसवावी लागली. इतक्या वर्षांत अशी नाचक्की झाली नव्हती.

दुसरी बातमी ऐकून रागावू नकोस. मेंदूचे फोटो काढणाऱ्या त्या संशोधकबाईंकडे मी जाऊन आलो. त्यांचं बोलावणं तुला आलं होतं आणि ते तू मलाच पाठवून दिलंस, वर चार शब्द खरडून, की दादा, त्या नळकांड्यात मी पुन्हा शिरणार नाही. मला ते पटलं होतं. मागे तुझा फोटो काढला तेव्हा ‘काही दिसत नाही’ असं लिहून आलं. आत्याने त्याचा अर्थ ‘काही नाहीच’ असा लावला आणि पोरगी नाटकं करते म्हणून गावभर सांगत सुटली. तुझ्या जागी मी असतो तर मीही शिरलो नसतो.

पण त्यात खाली लिहिलं होतं, की रुग्णाचे सख्खे, निरोगी भाऊबहीणही हवे आहेत. निरोग्यांचे फोटो शेजारी ठेवल्याशिवाय आजाऱ्याच्या मेंदूत वेगळं काय ते कळत नाही म्हणे. मी म्हटलं, सातवीच्या पुढे कुठल्याच विषयात पास झालो नाही, या एका विषयात तरी होईन. आणि खरं सांगायचं तर आत काय करतात ते आधी आपण बघून यावं, मग तुला सांगावं, असाही विचार होता. लहानपणी विहिरीत मी आधी उतरून खोली सांगायचो, तसं.

तर ऐक. जागा स्वच्छ आहे, फार गार आहे, शाल ने. अंगावर धातूचं काही चालत नाही. तुझ्या वहिनीने मला घरीच तपासलं होतं, तरी तिथल्या मिशाळ तंत्रज्ञाने माझी कॉलर उलटी केली आणि आतून दोन टाचण्या काढल्या. सवयीने खोचलेल्या. मला घाम फुटला. ते म्हणाले, काका, आधी सापडल्या ते बरं, त्या लोहचुंबकाने ओढून घेतल्या असत्या. मग डोक्याला मेंदूतली वीज टिपणारी, चुंबकाला चालणारी तारांची टोपी घातली आणि आत सरकवलं. आवाज फार होतो, पत्र्यावर कोणी हातोडा मारतंय असा. पण दुखत अजिबात नाही. हातात एक बटण देतात. समोर आरशात चित्र बदललं की ते दाबायचं, एवढंच काम.

बाई आपल्या मुलीच्या वयाच्या आहेत. बोलणं साधं. कोटाच्या अस्तरात बारीक चुणी राहिली तर वरून दिसत नाही, कापड चिमटीत धरलं की लागते. तसं त्यांचा संगणक मेंदूच्या वरच्या थराची जाडी जागोजाग मोजतो आणि डोळ्याला न दिसणारी चुणी शोधतो, असं मला समजलं. तुझ्या जुन्या फोटोबद्दल मी त्यांना विचारलं. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देतो.

“काही नव्हतं असं नाही, काका. आम्हाला दिसलं नाही, एवढंच त्यात लिहिलेलं आहे.”

हे आत्या असताना कोणी बोललं असतं तर किती बरं झालं असतं.

असो. हवा बदलली आहे. जपून राहा. वहिनीचा आशीर्वाद.

१५ मार्च

पत्र पाकिटात घालणार होतो. वहिनीने वाचायला मागितलं. वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “सोपे प्रश्न तेवढे सोडवलेत. म्हणून तुम्ही आठवीत नापास झालात.” आणि टेबलावर माझ्यापुढे कोरा कागद ठेवून गेली. आता लिहितो.

ते बटण. मी प्रत्येक चित्राला नेमाने दाबत होतो. बाहेर आलो तर तंत्रज्ञ म्हणाले, मधली काही चित्रं तुम्ही सोडलीत. मी म्हटलं, शक्य नाही, तुमचं बटण खराब आहे. जरा आवाज चढवूनच म्हटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी बटण बदललं आणि मला पुन्हा आत घेतलं. पुन्हा तेच. मी म्हटलं, हेही खराब आहे.

बाई माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. बटण दोन्ही वेळा चांगलं होतं, त्या म्हणाल्या. जितका वेळ तुम्ही दाबलं नाहीत, तितकाच वेळ टोपीच्या तारांनी वेगळं काही लिहून घेतलंय. मग त्यांनी विचारलं, की घरी किंवा कामात मधला थोडा वेळ गळाल्यासारखा कधी झालाय का. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला बँकेतल्या साहेबांची पँट दिसली.

छबे, मशीन चांगलं होतं.

मलाही फीट येते. तुझ्यासारखी पडायची नाही. मी बसल्या जागी असतो, हात चालू असतात, मी मात्र तिथे नसतो. पुन्हा आलो की काही झालं हे मलाच ठाऊक नसतं. वहिनीला विचारलं, तुला कधी कळलं नाही का. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून तुमचं माझ्या बोलण्याकडे लक्ष नाही, फरक कसा कळणार? आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तुझ्या त्रासाचं नाव मी आजवर कधी घेतलं नाही, ‘ते’ म्हणायचो. आता स्वतःचं लिहिताना कळलं, शब्द एवढासाच आहे.

घाबरू नकोस, घाबरायचं काम मी दोघांच्या वाटचं केलं आहे. गोळ्या सुरू झाल्या आहेत. पहिले काही दिवस पेंग यायची, आता नाही. आणि बाई नाराज नाहीत. निरोग्यांची तुमची यादी मी बिघडवली म्हणून मी माफी मागितली, तर त्या हसल्या. माझ्या फोटोत त्यांना कानाच्या वरच्या बाजूला, आत, अगदी पुसट अशी एक जागा दिसली आहे. सख्ख्या भावाबहिणीत कधी कधी दोष एकाच जागी असतो, त्या म्हणाल्या. तुझा फोटो नव्या मशीनवर काढला, तर कुठे बघायचं हे त्यांना या वेळी माहीत असेल. जागा सापडली तर तुझ्यावर आणखी काय उपाय करता येतील ते बघता येईल. खात्री त्या देत नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा दिली नाही. म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे. सोबत कोणीतरी हवं, ही त्यांची अट आहे. वहिनी येईल, पण मला काही झालं तर तिलाच धरावं लागेल. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, शुद्ध येईपर्यंत शेजारी बसून राहायचं, हे सगळं तुला माहीत आहे. तुझ्या वेळी मी माझा कोट घडी करून ठेवायचो. शुद्धीवर आलीस की आधी विचारायचीस, दादा, कोट मळला का? आता माझ्यासोबत तू ये. तुझा फोटो काढायचा की नाही ते तिथे येऊन ठरव. नाही म्हणालीस तरी मी एक शब्द बोलणार नाही. वहिनी हे वाचून हसते आहे, म्हणजे बोलेन थोडं.

तिथे ते घालायला देतात त्या झग्याची पाठ उघडी पडते. म्हणून दोन अंगरखे शिवायला घेतले. हूक नाही, चेन नाही, नुसते कापडी बंद. माझा झाला. तुझा काल पुरा केला, मापं जुनीच धरली आहेत, तू जाड झाली असलीस तर बाजूला कापड सोडलंय. आली नाहीस तर घरात वापर.

शिलाई खांद्यापासून खालपर्यंत मारली आणि उजेडात धरून पाहिली. सरळ आहे.

तुझा, अखेर तुझ्याच वर्गात येऊन बसलेला,
दादा