अर्धी रोवलेली बांधी

१६ जुलै, मंगळवार

चौथीच्या वर्गात पुन्हा गळती. बाकं एका भिंतीला लावून शिकवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पाहू.

संध्याकाळी कृपा आली. कॉलेज सुटल्यापासून करडीची बस लागेपर्यंतचा वेळ तिचा माझ्या खोलीतच जातो. आल्या आल्या डबे उघडून पाहिले. चिवडा संपला म्हणून मलाच बोलली. अकरावीला सायन्स घेतलं ते चुकलं असं वाटतंय म्हणे, पण बाबाले सांगू नका. चर्चच्या तरुण संघात (त.सं.) ढोलक हिच्याकडे, पेटी योएलकडे. ठेक्यावरून दोघांचं वाजलेलं आहे आणि निवाडा शनिवारी मी करायचा. उद्यापासून येणार नाही. घरी धानाची रोवणी आहे, बाया मिळत नाहीत.

ती गेली की खोली मोठी वाटते. पाळकसाहेबांच्या आवारातली ही एकच खोली, तरी.

१८ जुलै, गुरुवार

कृपा गेली.

वीज पडली. दुपारी. धानाच्या बांधीत रोवत होती.

योएलचा फोन आला तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते. पोरांना काय सांगितलं आठवत नाही.

१९ जुलै, शुक्रवार

काल जास्त काही लिहवलं नाही. आज लिहून ठेवते, नाहीतर

सकाळी पाळकसाहेबांच्या जीपने करडीला गेलो. पंचनामा, दवाखाना, सगळं होऊन दुपारी तिला घरी आणलं. सोळा वर्षांची मुलगी. चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं. कानाजवळ थोडं.

पा.सा. म्हणाले, आपल्या मंडळीच्या दफनभूमीत नेऊ. तिचे वडील रमेशभाऊ काहीच बोलेनात. मग आजी उठली. रमेशभाऊ आणि कृपाची आई लताबाई चर्चमध्ये येऊ लागले तेव्हापासून ही म्हातारी एकटी विहारात जाते, घरात बाबासाहेबांच्या फोटोला हार तीच घालते. ती पा.सा.ंना म्हणाली, "मी तुमच्या चर्चमध्ये कधी आली नाही. कोणाले अडवलंही नाही. पण पोरगी गावातच राहीन. मले जाता आलं पाहिजे तिच्यापाशी."

पा.सा. हो म्हणाले. गावच्या लोकांनी नाल्याजवळ जागा दिली. पा.सा.ंनी दफनविधी केला, त्यानंतर विहारातल्या बायांनी पांढऱ्या लुगड्यांत वंदना म्हटली. पा.सा. बाजूला सरकले, पण थांबले.

त.सं.ची पोरं सगळी माझ्या खांद्यावर. संध्या तर सोडेचना. मी सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. एका बाईने विचारलं, तुम्ही पोरीच्या कोण?

तिच्या चर्चमधली, म्हटलं.

२१ जुलै, रविवार

उपासनेला जागा पुरली नाही. कधी न येणारेही आले. लताबाई-रमेशभाऊ नव्हते.

पा.सा.ंनी संदेश दिला. बागेचा मालक आपल्या आवडीचं फूल आधी तोडतो, असं काहीसं. बाया रडल्या. मी डोळे मिटून ऐकत होते, तेवढ्यात पेटीचा भाता बंद केल्याचा आवाज आला. योएल उठला, मधल्या रांगेतून सरळ बाहेर. चपलाही तिथेच. त्याच्या आईने मान वर केली नाही.

नंतर पा.सा. मला म्हणाले, मार्था, तुझं ऐकतो तो. समजाव.

२३ जुलै, मंगळवार

शाळा. वह्या तपासल्या. पाच वाजता चहा ठेवला आणि दोन कपांचं पाणी घातलं. ओतून दिलं नाही. दोन्ही कप मीच प्यायले.

दादाचा नागपूरहून फोन. कुठली मुलगी, म्हणाला. सांगितलं. अरेरे म्हणाला. मग वहिनीची बदली, फ्लॅटचं पाणी वगैरे.

शेजारच्या कोणाचं माणूस गेलं की लोक डबा आणून देतात, बसतात. माझ्याकडे कोणी यायचं कारण नाही. बरोबरच आहे. माझं कोण गेलं?

२४ जुलै, बुधवार

पावसामुळे शाळा लवकर सोडली. बसने करडीला गेले. रमेशभाऊ ओट्यावर, भिंतीला टेकून. जय ख्रिस्त म्हटलं तर नुसती मान हलवली.

लताबाई घरी नव्हत्या. शेतात, आजी म्हणाली. एकटीच जाते, उभी राहते, येते.

गेले. घराला लागूनच आहे बांधी. अर्ध्यावर हिरव्या ओळी, पुढे नुसता चिखल आणि पाणी. पऱ्ह्याच्या पेंढ्या, रोपांच्या त्या जुड्या, बांधावर धुऱ्याशी तशाच टाकलेल्या, पिवळ्या पडायला लागलेल्या. लताबाई म्हणाल्या, "इथपर्यंत थे आली होती." बोटाने ओळ दाखवली. शेवटच्या ओळीत मधेच जागा सुटली आहे.

गावातल्या बाया या बांधीत उतरायला तयार नाहीत. ईज पडली त्या मातीत पाय नको, म्हणतात. दुसरीकडे रोवण्या संपत आल्या. पऱ्हे आणखी थांबणार नाहीत.

उभी राहिले त्यांच्या शेजारी. बस चुकली, योएलच्या काकांच्या टेम्पोत परत.

२५ जुलै, गुरुवार

योएलला भेटले. वडिलांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होता. मी समजवायला आले हे त्याला कळलंच. टायर पाण्यात दाबून बुडबुडे पाहत म्हणाला,

"ताई, फूलच तोडाचं होतं तं ईज कायले पाडा लागते?"

मला माहीत नाही, म्हटलं.

"मंग तुम्ही तिथं काहून बसून होत्या?"

म्हटलं, उठायचं मला सुचलं नाही. तू उठलास ते बरं वाटलं. हे बोलून गेले आणि मग मागे पाहिलं. दुकानाच्या दारात त्याची आई उभी.

२७ जुलै, शनिवार

त.सं.ला चार जण. योएल आला, पण पेटीला हात लावला नाही. ढोलक कोपऱ्यात कापडात. संध्याला प्रार्थना करायला सांगितली, "हे प्रभू" म्हणून थांबली. थांबलीच. पावसाचा आवाज. इतका वेळ गप्प बसलेली ही मुलं मी कधी पाहिली नव्हती.

मग मी बांधीचं सांगितलं. काही ठरवून नाही. पिवळे पडलेले पऱ्हे, बायांचं म्हणणं.

योएल म्हणाला, उद्या जाऊ. संध्या म्हणाली, आपल्याले येते कुठं रोवता? तो म्हणाला, शिकू. दीपकचं म्हणणं, उद्या रविवार आहे.

पा.सा.ंना विचारायला मीच गेले. ते जेवत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, या घरावर एवढं दुःख आहे तेव्हाच तर मंडळी देवाच्या समोर एकत्र असली पाहिजे. दुसरा दिवस निवडा. म्हटलं, इतर दिवशी मुलांचं कॉलेज, माझी शाळा. तोवर पऱ्हे जातील. ते म्हणाले, "मार्था, योएलच्या आईने मला सांगितलं. माझा संदेश तुला पटला नाही, ते मी समजतो. पण मुलांपुढे?"

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

जाऊ का, हे मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनीही नको म्हटलं नाही.

२८ जुलै, रविवार

गेलो. मी, योएल, संध्या. दीपक बस स्टँडपर्यंत आला आणि परत फिरला. त्याच्या वडिलांचा फोन.

बस निघाली तेव्हा उपासनेची घंटा वाजत होती. मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

लताबाई आम्हाला पाहून घरात गेल्या. वाटलं, आवडलं नाही. तर नऊवारी काढून आणली, मला नि संध्याला, जुनी. आजी धुऱ्यावर येऊन बसली. पऱ्हे कसे धरायचे, किती खोल लावायचे ते लताबाई दाखवत होत्या. आमच्या ओळी वाकड्या. योएल दोनदा पडला. एकदा तर संध्या हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. आजी म्हणाली, "हास वं. हासल्यानं पाप नाही लागत."

शेजारच्या शेतातल्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. आलं कोणीच नाही.

दुपारनंतर पश्चिमेकडून भरून आलं. आधी लांब गुरगुर. संध्या जिथे होती तिथेच खिळली, हातात पेंढी. मी तिला हाक मारली, तिला ऐकूच जाईना. माझेही पाय निघेनात. एवढ्यात लताबाई ओरडल्या, मी त्यांना तशा आवाजात कधी ऐकलं नाही, "टाका हातचं! घरी पळा! सारे!" संध्याच्या दंडाला धरून ओढतच नेलं. योएल आजीला उचलून.

घरात सगळे भिंतीला टेकून. रमेशभाऊ आत आले, दार लावलं. कडाडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता. मग लताबाई बोलल्या. कोणाकडे न पाहता.

त्या दिवशीही असंच भरून आलं होतं. अंगणात खायचं धान वाळत घातलं होतं, ते भिजेल म्हणून लताबाई घराकडे निघाल्या. ती म्हणाली, "आई, तू हो पुढं. एवढी पेंढी लावून येतो."

"मी हो म्हटलं," लताबाई म्हणाल्या. "मी काहून हो म्हटलं?"

रमेशभाऊ उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. आजीने सुनेचे चिखलाचे पाय आपल्या पदराने पुसायला घेतले. आम्ही तिघं तिथे होतो आणि नव्हतोही.

प्रार्थना करावी असं कोणालाच सुचलं नाही. मला तर नाहीच. पाऊस थांबला तेव्हा बसची वेळ झाली होती. थोडी बांधी राहिलीच.

२९ जुलै, सोमवार

अंग मोडून आलंय. फळ्यावर हात वर जाईना.

दुपारी रमेशभाऊंचा फोन, कृपा गेल्यापासून पहिला. सकाळी त्या शेजारच्या बाया आपणहून उतरल्या बांधीत. राहिलेलं लावून टाकलं. काय म्हणाल्या, विचारलं. काही नाही, म्हणाले. लावलं नि गेल्या. त्यांनी आमच्या वाकड्या ओळी उपटून सरळ केल्या का, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

कृपाच्या शेवटच्या ओळीतली ती सुटलेली जागा तशीच ठेवायला लताबाईंनी सांगितलं म्हणे.

३० जुलै, मंगळवार

पा.सा.ंनी बोलावलं. पाळकबाईंनी चहा दिला, आत गेल्या.

काही पालक नाराज आहेत. योएल रविवारी आला नाही, तूही नाहीस, असं बोलतात. चर्चचं पंचमंडळ यावर बसेल. तोवर त.सं. दीपकच्या वडिलांनी पाहावा. "तुला शिक्षा म्हणून नाही." मी म्हटलं, हो.

मग ते म्हणाले, मी स्वतः दोनदा करडीला जाऊन आलो. दारापर्यंत. आत जाऊन काय बोलायचं ते ठरेना, म्हणून मोटरसायकल वळवली. हे सांगताना ते खिडकीकडे पाहत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते मला थकलेले दिसले. मला त्यांना काही सांगायचं होतं. पण उठले आणि आले.

४ ऑगस्ट, रविवार

शेवटच्या बाकावर बसले. शेजारची जागा कोणी घेतली नाही. मुद्दाम नसेल. पेटी कोणीतरी दुसऱ्याने वाजवली. संदेश साधा होता, आजारी लोकांबद्दल. फुलाचं काही नाही.

संध्या बाहेर भेटली. घरी सांगितलंय म्हणे, ताईकडे जास्त जाऊ नको. हे मला सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, ऐक घरच्यांचं.

६ ऑगस्ट, मंगळवार

पाचला कोणी येत नाही. रेडिओ लावून ठेवते.

दादा म्हणतो, नागपूरला ये, शाळा पुष्कळ आहेत इकडे. इथे कोण आहे तुझं? रागाने नाही म्हणाला. खरंच विचारत होता.

१० ऑगस्ट, शनिवार

त.सं.ची वेळ. हॉलमधून गाण्याचा आवाज येतो, ढोलकाशिवाय. दार लावून घेतलं. मग उघडलं.

योएल आत गेलेला नव्हता. आवारातल्या चिंचेखाली सायकल टेकवून उभा. मी हात केला, त्यानेही केला. इकडे आला नाही, घरीही गेला नाही.

तेवढ्यात लताबाईंचा फोन. त्या स्वतःहून कधी करत नाहीत. आधी आजीची खबर, मग रोवलेल्या धानाने मूळ धरल्याची. मग म्हणाल्या,

"ताई, उद्या येऊ का मी चर्चमध्ये? लोकं पाहतीन ना माह्याकडं."

पाहतील, म्हटलं. मलाही पाहतात.

"आत गेल्यावर मले राग आला तं? तिथंच?"

तर बाहेर येऊ दोघी, म्हटलं. मी येते तुमच्यासोबत.

त्या म्हणाल्या, रमेशभाऊंचं काही ठरत नाही. आजी मात्र म्हणाली, मी येतो सोबतीले, पायरीवर बसीन. सकाळची पहिली बस.

स्टँडवर थांबते, म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, उद्या मी स्वतः जाणार की नाही हे सकाळपासून ठरलेलं नव्हतं. पंचमंडळही उद्याच बसतंय, उपासनेनंतर.

लताबाईंची नऊवारी त्या दिवशी अंगावरच आली होती, ती धुऊन ठेवली आहे. परत द्यायची तर उद्या देता येईल. की राहू द्यावी, विचारून पाहू.