आपला माल जातो कुणाकडे?

बाबा, इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

मी ठणठणीत आहे. काल आमच्या काडतुसांच्या कारखान्यात निवडणुकीचे दोन्ही उमेदवार येऊन गेले. त्यातल्या बाई म्हणाल्या, "शस्त्रविक्रीच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करू. स्वतःच्याच माणसांवर गोळ्या झाडणाऱ्यांना माल नाही."

दुसरे म्हणाले, "करार झाला तर तुमच्या चुली विझतील." टाळ्या त्यांनाच पडल्या.

मी उभी राहून त्यांना विचारलं, "पण आपला माल जातो कुणाकडे?"

ते हसले. "ताई, आपण नाही विकला तर दुसरा विकेल."

"मग ते पाप दुसऱ्यालाच करू द्या," माझ्या तोंडून निघून गेलं.

आजपासून मला पॅकिंगवरून झाडलोटीला लावलंय. काम हलकं आहे, काळजी नसावी.

तुमचा खोकला कसा आहे? आईला झाडलोटीचं कळवू नका. मी काय विचारलं, तेवढं सांगा.

तुमची धाकटी