तांबड्या जिभा

मु. कल्याण, ता. ३ फेब्रुवारी १८९८

चि. हरिहर यास नागपूर मुक्कामी उदंड आयुष्य चिंतून लिहितो ते असे.

इकडे थंडी अजून आहे. खाडीवरचे वारे सकाळी झोंबते. तुझी आई बरी आहे.

ग्रहण पाहायला मी जेऊरच्या माळावर गेलो होतो. भर दुपारी अंधारले आणि काळ्या चंद्राच्या कडेला तांबड्या जिभा उठल्या. भोवती मोतिया प्रभा, विस्कटलेल्या जटांसारखी. दुर्बिणीवरचे एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, ही पेटत्या वायूची कारंजी. एकेकात आपली पृथ्वी बुडेल!" मी म्हातारा रडलो रे. तुम्हा पोरांकडून शाळेत सूर्याच्या आर्या घोकून घेत असे, ते दिवस आठवले. परतताना गाडीत मीही एक आर्या जुळवली.

त्या आर्येची आता मला ओकारी येते.

तुझ्या बायकोला, मंदाकिनीला, माहेरी पाठवा, असे तू लिहिलेस. तिने ग्रहणात काही चिरले म्हणून मूल गेले, हे आईने तुला कळवले. आळीही तेच म्हणते. मी इतके दिवस ऐकून घेतले.

खरे ऐक. मास्तर ग्रहण पाहायला निघाला म्हणून आळी बोलू लागली होती. तिचे तोंड बंद करायला मी बजावले, घरात तरी ग्रहण कडक पाळा. सुनेला अंधाऱ्या खोलीत निजवा, पाणी नको, ग्रहण सुटेपर्यंत कडी काढू नका. दिवा आणि नारळ घेऊन मुलांना ग्रहण शिकवणारा मी! मंदाकिनी म्हणाली, "मामंजी, दिवस भरलेत. कळा आल्या तर?" मी म्हटले, "चार घटकांनी काय होते?"

कळा आल्या. आईने माझा हुकूम पाळला. ठमाबाई सुईण आज दारात उभी राहून म्हणाली, "मास्तर, दोनदा परत लावलं मला. पोर आडवं व्हतं. येळेवर हात लागता तर जगती." मुलगी होती, हरिहर.

किळस येते स्वतःची. कडी मी घातली, दोष तिच्या माथी मारू दिला.

तिला पाठवणार नाही. तू ये आणि तिची क्षमा माग.

हे पत्र आधी तिला वाचून दाखवले.  ती म्हणाली, "मामंजी, हेच बाहेर ओटीवर मोठ्याने वाचा." आळीला निरोप धाडला आहे. माणसे जमली आहेत. वाचायला उठतो.

तुझ्या मुलीचा आजा,
विश्राम