मिल्टनची बारा लाकडं

२२ जानेवारी २०१७

प्रिय डोनेट,

स. न. वि. वि.

मिल्टन लाकडं फोडत होता आणि मी रचत होते. ऑक्टोबरातली साधी सकाळ. कोंबड्यांना दाणे टाकून झाले होते, दोरीवर चादरी वाळत होत्या. तो म्हणत होता साल वर ठेव, मी म्हणत होते खाली ठेवते, आणि त्याची पाठ वळली की मी माझंच करत होते. अकरा वाजता पायरीवर बसून कॉफी प्यायलो. त्यानंतर तीन आठवड्यांनी तुझा भाऊ गेला. ती रास मी अजून मोडलेली नाही. हा दुसरा हिवाळा, घर विजेच्या हीटरवर तापवते आहे.

हे आज आठवायचं कारण असं, की फेब्रुवारीतले पार्कातल्या यर्टचे दोन दिवस मी यंदा पुन्हा नोंदवले आहेत. एकटीच जाणार. सत्तरीची बाई उणे वीस अंशांत कापडी भिंतींच्या गोल खोलीत राहते, पाणी ऑफिसजवळच्या नळावरून ओढून आणते, यावर तू काय म्हणशील ते मला पाठ आहे.

आम्ही तिथे अकरा वर्षं गेलो आणि अकरा वर्षं मिल्टन पार्कातल्या जळणावर कुरकुरला. ओलं पॉपलरचं लाकूड, नुसता धूर. घरी माझं चांगलं अ‍ॅश पडलंय आणि इथे मी भिजका पुठ्ठा जाळतोय, असं म्हणायचा. बाहेरचं लाकूड पार्कात न्यायला बंदी आहे, कारण अ‍ॅशची झाडं मारणारा हिरवा भुंगेरा लाकडातून पसरतो. मी वाचनालयातून आणून सगळं वाचलं आहे. तरी यंदा त्याची बारा लाकडं गोधडीखाली घालून नेणार आहे. त्याच्या नावाने दोन तिथल्या शेगडीत घालीन, दहा परत आणीन. वर्षाला दोनच जाळली तर रास मला जन्मभर पुरेल.

गुडघा बरा आहे. तुझा रक्तदाब कसा आहे ते खरं लिही.

लोभ आहेच, तो जपावा.

तुझी
आर्लिस

—

फार्गो, ३० जानेवारी २०१७

प्रिय आर्लिस,

नमस्कार. रक्तदाब ठीक आहे, तुझं पत्र येईपर्यंत होता.

पुस्तक एक दिवस उशिरा परत गेलं तर तू वाचनालयाच्या टेबलासमोर पाद्र्यापुढे उभी राहिल्यासारखी उभी राहतेस, आणि आता सरकारी पार्कात चोरटं लाकूड नेणार! पकडली गेलीस तर माझं नाव सांगू नकोस. आमच्या घराण्याला अजून डाग नाही.

एक मात्र बोलते, राग मानू नकोस. जन्मभर पुरवायला ते काही लोणचं नाही. मिल्टनला वस्तू राखून ठेवणारी माणसं कधी कळली नाहीत. आमच्या आईने चांगल्या बश्या कपाटात ठेवल्या तेव्हा तिला विचारायचा, की या बश्या तुझ्या मयतीला काढायच्या का. तू थंडीत कुडकुडतेस आणि शेडमध्ये दोन वर्षांची रास पडली आहे, हे त्याने पाहिलं असतं तर शिव्या दिल्या असत्या.

एवढं बोलून झाल्यावर मागते आहे, म्हणजे मीही तुझ्यासारखीच. परत येताना एक लाकूड माझ्यासाठी ठेव. फोटोजवळ ठेवीन.

बर्फावर बुटांना खिळेपट्टी लाव. जेवण बरोबर ने, यर्टमध्ये शिजवू देत नाहीत आणि तू अर्धपोटी राहशील.

तोंडाने फटकळ असले तरी माया पातळ नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी
डोनेट

—

२० फेब्रुवारी २०१७

प्रिय डोनेट,

स. न. वि. वि.

पकडले गेले. तुझं नाव सांगितलं नाही.

पोचले त्याच दुपारी शेंग व्हांग नावाची रेंजर धुराडं तपासायला आली. शेगडीशेजारी माझी बारा लाकडं नीट रचलेली. तिने एक उचललं, खिशातल्या सुरीने साल सोलली आणि माझ्यासमोर धरलं. आतून नागमोडी खाचा, एकात एक गुंतलेल्या. एका खाचेत तांदळाएवढी पांढरी अळी. मी पुस्तकात चित्र पाहिलं होतं, पण माझ्या घरच्या लाकडात असेल असं एकदाही मनात आलं नाही. तोडायच्या आधी झाड तर हिरवंगार दिसायचं. तिने यर्टचं दार उघडून बाहेर बोट दाखवलं. तळ्याच्या काठाला अ‍ॅशची अख्खी राई उभी आहे. आम्ही अकरा वर्षं तिच्याकडे बघत कॉफी प्यायलो.

मी कोणाची लाकडं ते सांगितलं. ती बाकावर बसली, मी नेलेली लेफ्से, बटाट्याची पोळी, खाल्ली, स्वतःच्या वडिलांबद्दल बोलली. मग वहीत माझं नाव ताकीद म्हणून लिहून घेतलं आणि म्हणाली, "आर्लिस, हे आता इथून बाहेर जाणार नाही. वाटेत तीन जिल्हे आहेत. बाराच्या बारा इथेच जाळायची, सालीचा चुरासुद्धा झाडून आत टाकायचा."

मी तुझ्यासाठी एक मागितलं. नाही म्हणाली. हो म्हणाली असती तर तिच्याबद्दलचं माझं मत उतरलं असतं.

घरच्या राशीचं विचारलं. तीही तशीच असणार, म्हणाली. जूनच्या आत भुंगेरे उडतील, त्याआधी संपवा. म्हणजे माझा जन्मभराचा हिशेब चार महिन्यांवर आला.

मग जाळली. पहिलं लाकूड हातात धरून बसले, तिसरं सरळ आत टाकलं. मिल्टन खरं बोलायचा, डोनेट. धूर नाही, चटचट नाही, स्वच्छ जाळ. छतावरचं बर्फ घसरून धपकन खाली आलं. इतकं उकडलं, की काठीने छतातलं झाकण उघडून स्वेटर काढून बसावं लागलं. बाहेर उणे एकोणीस. दोन दिवस एक पुस्तक मांडीवर होतं, तेरा पानं वाचली. रडले थोडी, झोपले बरीच. निघताना चुरा झाडून शेगडीत टाकला. शेंग येऊन बघून गेली आणि ठीक आहे म्हणाली.

तुला लाकूड पाठवता येत नाही, तेव्हा शेकायला तूच ये. एप्रिल उजाडण्याआधी ये, नाहीतर सगळं मीच संपवीन. येताना बोलणी घेऊन ये, ती नियमात बसतात.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हीटर माळ्यावर टाकला, शेडमध्ये गेले आणि राशीच्या वरच्या थरातली कवेत मावली तेवढी लाकडं घरात आणून शेगडी पेटवली.

तुझी
आर्लिस