डावा हात

आये,

तुम्ही मासळी विकून येईपर्यंत मी आणि तुमचा सर्वेश गोव्याच्या एसटीत असू. रिया शेजारी आनंदीकाकीकडे झोपलीय. पेज झाकून ठेवलीय.

मी सांगितलं तशी रिया काल पाळण्यातून पडली नाही. माझ्या हातातून निसटली. तुमच्या तोंडावर सांगायची लाज वाटली.

पाट्यावर खोबऱ्याचं वाटप वाटायचं निघालं की तुम्ही म्हणता, "हिचो हात बरो कामाच्या वेळेक दुखता!" पण तो खरंच दुखतो, गार पडतो. दवाखान्यात रिया नेहमी माझ्या डाव्या कडेवर, म्हणून तपासायला मी उजवा हात द्यायचे आणि सगळं ठीक निघायचं. काल तिला टेबलावर निजवलं, मी थरथरत होते, म्हणून सिस्टरनी माझा डावा हात धरला. त्यात नाडीच लागेना. धमनी आतून बारीक झाली असणार, असा आजार क्वचितच होतो म्हणे. गोव्यात स्कॅन केल्यावर कळेल.

रियाला काही लागलेलं नाही. मी येईपर्यंत तिला तुम्हीच कडेवर घ्या.

रागाने तुम्ही सोडून टाकलेला साडीचा पाळणा मी परत बांधायला गेले, पण एका हाताने गाठ बसेना. तेवढा बांधा. त्याचा काही दोष नव्हता.

अक्षया